पोटात केसांचा गोळा होतो म्हणजे नक्की काय होतं?

दर काही महिन्यांनी पेपरात ही बातमी असतेच. अमुक गावच्या मुलीच्या पोटातून एवढ्या वजनाचा केसांचा गोळा काढला, ट्रेमध्ये ठेवलेल्या काळ्या गोळ्याचा फोटो आणि मागे हिरव्या गाऊनमधले डॉक्टर. मग तो फोटो फॅमिली ग्रुपवर फिरतो, कोणी बापरे लिहितं, कोणी उलटीचा इमोजी टाकतं, कोणीतरी विचारतंच की अगं पण एवढे केस पोटात गेलेच कसे, आणि विषय तिथेच संपतो. मागच्या वेळी तो फोटो आमच्या ग्रुपवर आला तेव्हा अर्ध्या तासाने ताईचा मला वेगळा फोन आला, हळू आवाजात. तिची मुलगी सातवीत आहे आणि अभ्यासाला बसली की वेणीचं टोक तोंडात असतं. "हिच्या पोटात पण असं होईल का गं?" मला तेव्हा धड काही सांगता आलं नाही. नंतर बसून वाचलं, एका डॉक्टर मैत्रिणीला बरंच विचारलं, ते सगळं इथे लिहितेय, कारण हा प्रश्न पडलेली ताई एकटी नसणार.

नावाचं आधीच उरकून घेऊ. न पचलेल्या गोष्टींचा पोटात घट्ट गोळा होऊन बसतो त्याला डॉक्टर बेझोआर म्हणतात, आणि तो केसांचा असेल तर ट्रायकोबेझोआर. पुढे मी नुसतं गोळा म्हणणार आहे.

मोरीची जाळी आठवा

केस धुतल्यावर मोरीच्या जाळीवर काय होतं ते प्रत्येक बाईला माहितीये. एक केस पाण्याबरोबर सरळ निघून जातो. पण दोन-तीन केस जाळीला आडवे अडकले की पुढचे त्यांच्यात गुंततात, मग त्यात साबण, तेल, मळ बसतो, आणि आठवड्याने बोटाने ओढून काढलं की अखंड चिकट लगदा हातात येतो, त्याला वासही येतो. पोटातला गोळा अगदी असाच तयार होतो. फणी करून झाल्यावर जी गुंतवळ आपण बोटावर गुंडाळून टाकून देतो, ती टाकायच्या ऐवजी जठरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं साठत गेली तर काय होईल तेच हे.

आता जठराचं काम बघा. आपलं जठर म्हणजे नुसती पिशवी नाही, ती पिशवी मिनिटाला साधारण तीनदा आवळते आणि अन्न घुसळत राहते, ताक घुसळल्यासारखं. खालच्या तोंडाला एक झडप असते, ती एवढीशीच उघडते आणि अगदी बारीक झालेलं अन्नच लहान आतड्यात सोडते. मग जे बारीक होतच नाही, म्हणजे चिंचोका किंवा चुकून गिळलेलं छोटं नाणं, त्याचं काय? त्याच्यासाठी शरीराने वेगळी सोय केलीये. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून आतड्यापर्यंत जाते, झाडू मारून घर लख्ख करावं तशी, आणि असल्या उरल्यासुरल्या गोष्टी पुढे ढकलते. म्हणून तर पोराने चिंचोका गिळला तरी तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बाहेर पडतो.

केस मात्र या झाडूलाही दाद देत नाही, तो लांब, बारीक आणि गुळगुळीत असतो ना. लाट त्याला पकडायला जाते आणि तो निसटतो, आणि जठराच्या आतल्या बाजूला ज्या घड्या असतात तिथे जाऊन बसतो. फरशीवर ओला झाडू फिरवताना एखादा केस हटता हटत नाही, बोटानेच उचलावा लागतो, तसं. आणि एकदा घडीत पाच-पंचवीस केस बसले की त्यांची जाळी झाली, मग पुढचा प्रत्येक केस, भाजीचे धागे, तेल-तूप सगळं त्या जाळीत. वर जठर घुसळतंच आहे, त्यामुळे ते सगळं दाबून दाबून नमद्यासारखं घट्ट होतं. शेवटी गोळा इतका वाढतो की तो जठराचाच आकार घेतो, साच्यातून काढल्यासारखा. बातमीतला गोळा गोल नसून थोडा वाकडा, घेवड्याच्या दाण्यासारखा का दिसतो, तर तो त्या मुलीच्या जठराचा साचा असतो म्हणून.

पण पोटातलं ॲसिड तर सगळं विरघळवतं ना?

हा प्रश्न ताईनेही विचारला होता. केस केराटिनचा बनलेला असतो, नखं, शिंगं, पक्ष्यांची पिसं ज्याची बनतात तेच प्रोटीन. त्याच्या धाग्या-धाग्यांमध्ये गंधकाचे पक्के टाके घातलेले असतात आणि ते टाके उसवेल असा रस माणसाच्या पोटात तयारच होत नाही. मटण पचतं, अंडं पचतं, केस पचत नाही. ॲसिडने त्याचा रंग तेवढा बदलतो. मूळ केस कुठल्याही रंगाचे असोत, गोरीचे सोनेरी का असेनात, गोळा काळाच निघतो. आणि त्यात अडकलेलं अन्न आत कुजत राहतं म्हणून त्या मुलीच्या तोंडाला एक वेगळाच वास येतो जो ब्रश करून जात नाही. हा वास लक्षात ठेवा.

शेपूट फुटलं की

काही जणींत गोळा जठरात थांबत नाही, त्याची एक शेपटी त्या झडपेतून खाली लहान आतड्यात उतरते, कधी कधी बरीच लांबपर्यंत. या प्रकाराला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात. उंच मनोऱ्यातून आपली लांब वेणी खाली सोडणारी जर्मन लोककथेतली मुलगी, तिच्यावरून १९६८ साली तीन डॉक्टरांनी दोन केसेसबद्दल लिहिताना हे नाव दिलं. नाव गोड आहे पण आजार वाईट. शेपटी आतड्याच्या भिंतीला घासते, आतडं पुढे सरकायला बघतं आणि शेपटी मागे जठरातल्या गोळ्याला बांधलेली, त्यामुळे आतडं शेपटीवर चुणीसारखं गोळा होतं. त्यातून अल्सर होतो, आतडं बंद होतं, एकात एक शिरतं, क्वचित भोक पडतं. भोक पडलं की जिवावरचं दुखणं.

मग जेवणात केस गेला तर?

काहीही होत नाही. वरणात, पोळीत एखादा केस येतो, कळत-नकळत पोटात जातो, घरोघरी होतं हे. एकटा-दुकटा केस बाकी अन्नाच्या लगद्यात लपेटून निघून जातो. गोळा व्हायला रोज, बरेच केस, बराच काळ पोटात जावे लागतात, आणि ते फक्त तेव्हाच होतं जेव्हा माणूस स्वतः केस खात असतो. त्यामुळे त्या बातमीनंतर स्वयंपाकाच्या बाईवर ओरडू नका.

आणि हे किती दुर्मीळ आहे तेही बघू. केस उपटायची अनावर ओढ असणारे लोक शंभरात एक-दोन असतात असा ढोबळ अंदाज आहे. त्यातले साधारण तीस टक्के ते केस तोंडात घालतात किंवा गिळतात, आणि गिळणाऱ्यांपैकी जेमतेम एक टक्का लोकांना ऑपरेशन लागण्याइतका गोळा होतो. म्हणजे लाखभर लोक घेतले तर उपटणारे हजारेक, खाणारे तीनशे, गोळ्यापर्यंत पोचणारे तीन. ताईला मी पहिल्यांदा हा हिशोब सांगितला तेव्हा तिने मोठा श्वास सोडला. पण त्या तीनपैकी एकीच्या घरी लाखाचा हिशोब काय कामाचा, म्हणून पुढचं वाचाच.

कोणी स्वतःचे केस का खाईल?

सगळ्यात जास्त चुकीचं आपण इथेच बोलतो. "वेडी आहे", "घाणेरडी सवय", "लाडाने डोक्यावर बसलीये". मी स्वतः पूर्वी असंच काहीतरी म्हटलं असतं.

केस उपटण्याच्या या ओढीला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात, हालोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ मध्ये हे नाव दिलं, म्हणजे मोबाइल आणि टीव्हीच्याही खूप आधीची गोष्ट आहे ही. नखं खाणं, खपली काढत बसणं, ओठाची सालं सोलणं, हे ज्या जातीचं त्याच जातीचं, फक्त तीव्र. आत एक ताण चढत जातो, हात केसांत जातो, एक केस ओढला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग परत. बऱ्याच जणींना हात वर गेलाय हेसुद्धा कळत नसतं, वाचताना, टीव्ही बघताना, झोप लागायच्या आधी होतं. काही जणी उपटलेला केस ओठांवरून फिरवतात, मुळाशी असलेला पांढरा ठिपका दाताने तोडतात, आणि मग गिळतात. हे सगळं त्या लपवतात, कारण लाज वाटते. टाळूवर किंवा कानामागे टक्कल पडलेली जागा बाकीचे केस घेऊन झाकतात, हेअरबँड लावतात, ओढणी घेतात. आई वेणी घालायला बोलावते तर "मी मोठी झाले, माझी मी घालते" म्हणतात, आणि आईला वाटतं पोरगी शहाणी झाली.

गोळा झालेल्या पेशंटमध्ये दहातल्या नऊ मुली किंवा बायका असतात, आणि बहुतेक वयात येणाऱ्या किंवा नुकत्या आलेल्या. लांब केस हे त्याचं एक सरळ कारण. पण मुलांना होतच नाही असं नाही. अशा गोळ्याची वैद्यकातली पहिली नोंद १७७९ मधली, बोदामां नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहिलेली, आणि तो पेशंट सोळा वर्षांचा मुलगा होता.

रक्त कमी असण्याशी काय संबंध?

आहे, आणि आपल्याकडे तर जास्तच बघायला हवा. शरीरात लोह कमी झालं की काही माणसांना नको ते खावंसं वाटतं. पाटीची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ, बर्फ, हे आपण सगळ्यांनी कुणा ना कुणात बघितलंय. डॉक्टर त्याला पायका म्हणतात. माती खाण्याचा आणि पांढरंफटक पडण्याचा संबंध आपल्याकडे जुनाच माहितीये, चरकसंहितेत माती खाऊन होणारा पांडुरोग वेगळा सांगितलाय. केस खाणं हेही काही जणींत या पायकाचाच भाग असतं आणि लोहाची कमतरता भरून काढल्यावर केस खाणं थांबलं अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. उलटंही होतं, गोळ्यामुळे जेवण जात नाही, जठराला आतून घासून थोडं थोडं रक्त जातं, आणि त्याने रक्त अजून कमी होतं. आपल्याकडे वयात येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया आहे हे सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्व्हेत आलंय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली बेंचखाली टाकून देतात, ती त्यांनी खरंच घ्यावी म्हणून तरी हे सांगा त्यांना.

एवढा मोठा गोळा होईपर्यंत घरच्यांना कळत कसं नाही?

बातमीखाली सगळ्यात कडवट कमेंट याच असतात, आईबाप झोपले होते का वगैरे. झोपलेले नसतात हो. मोठ्या माणसाचं जठर लिटर-दीड लिटर अन्न सहज मावून घेतं, आणि गोळा इतका सावकाश वाढतो की बरेच महिने काहीच जाणवत नाही. मग जे जाणवतं ते इतकं साधं असतं की कोणीही फसेल. चार घास खाल्ले की पोट भरतं, आई म्हणते डाएटचं खूळ शिरलंय. अधूनमधून उलटी, पोट दुखणं, म्हणजे ॲसिडिटी नाहीतर जंत, मग जंताची गोळी. वजन उतरतं, तर परीक्षेचं टेन्शन. प्रत्येक वेळी एक पटणारं कारण तयार असतं. डॉक्टरही आधी तेच धरून चालतात, आणि मुलगी केस खाते हे तिने सांगितल्याशिवाय त्यांना कसं सुचणार? आणि ती तर कुणालाच सांगत नाहीये.

सोनोग्राफीतही कधी कधी हुकतं. केसांच्या मध्ये मध्ये हवा अडकलेली असते, तिच्यावरून आवाजाची लाट आदळून परत येते, त्यामुळे स्क्रीनवर एक चमकती कड आणि मागे काळोख, गॅस असल्यावर दिसतं तसंच. सीटी स्कॅनमध्ये जास्त स्पष्ट कळतं आणि एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून बघितलं, की शंकाच राहत नाही. बऱ्याचदा त्याआधी हातालाच लागतं, बरगडीखाली डाव्या-मधल्या बाजूला एक कडक, हलणारी गाठ. अनेक घरांत या गाठीने पहिल्यांदा कॅन्सरचीच धास्ती बसते.

कोका-कोलाने विरघळतो म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. गोळे वेगवेगळ्या गोष्टींचे होतात. भाजी-फळांच्या चोथ्याचा होतो, विशेषतः ज्यांच्या जठराचं आधी ऑपरेशन झालंय किंवा जुन्या डायबेटिसमुळे जठर मंदावलंय त्यांच्यात. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं ते जपानी फळ, पर्सिमॉन, बाजारात हल्ली केशरी टोमॅटोसारखं दिसतं ते, कच्चं आणि सालासकट खूप खाल्लं तर त्यातला तुरटपणा ॲसिडमध्ये साकळून दगडासारखा गोळा होतो. या चोथ्याच्या गोळ्यांवर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर खरंच कोका-कोला वापरतात आणि बऱ्याच वेळा उपयोगही होतो. पण केसाच्या गोळ्यावर कोका-कोलाचा काही परिणाम नाही, एन्झाइमच्या औषधांचाही नाही, एरंडेलाचा तर नाहीच. घरी असले प्रयोग करायचे नाहीत, तुकडा सुटून आतड्यात अडकला तर आणखी पंचाईत.

बरं मग दुर्बिणीने ओढून काढता येत नाही का, पोट कशाला फाडायचं? छोटा गोळा असेल तर प्रयत्न करतात. पण जठराएवढा गोळा अन्ननळीतून वर आणायचा म्हणजे उशी बाटलीच्या तोंडातून काढण्यासारखं आहे. २०१० मध्ये डच डॉक्टरांनी तोपर्यंतच्या केसेस एकत्र करून बघितल्या तेव्हा एंडोस्कोपीने शंभरातले पाचच गोळे निघालेले, लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून, पंचाहत्तर, आणि सरळ पोट उघडून नव्व्याण्णव. म्हणून सर्जन बहुतेक वेळा पोटावर एक छेद घेतात, जठर उघडतात, गोळा अख्खा उचलतात, खाली शेपटी किंवा सुटा तुकडा राहिलाय का हे पूर्ण आतडं हाताने चाचपून बघतात आणि जठर शिवतात. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण यात गुंतागुंत कमी होते, आणि तरुण पोरी झपाट्याने बऱ्या होतात. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवतात. २००७ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या पोटातून काढलेला गोळा साडेचार किलोचा होता, नवजात बाळापेक्षा जड, आणि तीही बरी झाली.

हे करणीचं तर नाही ना?

हे लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहायलाच हवं. पोटातून केस निघणं, जेवणात केस सापडणं, उलटीत केस येणं, याची सांगड आपल्याकडे करणी-भानामतीशी घातली जाते, अजूनही. मग अंगारे, उतारे, गंडे-दोरे, आणि तोवर गोळा वाढतोच आहे. राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनातली भीती कायद्याने जात नाही, तिला उत्तर द्यावं लागतं. उत्तर सोपं आहे, ते केस त्या मुलीचेच आहेत. तिच्या टाळूवर जिथे जागा रिकामी दिसतेय तिथून आलेले.

गंमत म्हणजे एकेकाळी लोकांना अशा गोळ्यांची भीती नव्हती, उलट त्यांची किंमत होती. बेझोआर हा शब्दच फारसीतल्या पादजहरवरून आलाय, विषाला उतारा. रानबोकडांच्या पोटात सापडणारे असे खडे राजेरजवाडे विषावरचं औषध म्हणून सोन्याच्या भावाने घ्यायचे. खरे खडे पुरेनात म्हणून सतराव्या शतकात गोव्यात जेझुइट पाद्री शिंपले, कस्तुरी, रत्नांची पूड वगैरे मिसळून नकली खडे करायला लागले, ते गोवा स्टोन म्हणून युरोपात विकले जायचे. सोन्याच्या जाळीदार डबीतला असा एक गोवा स्टोन न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आजही आहे. विष उतरवायचा गुण ना त्या खऱ्या खड्यात होता ना नकलीत.

काढल्यावर परत होतो का?

होऊ शकतो. सर्जन गोळा काढतात, केस खायची ओढ काढत नाहीत. टाके सुकले, मुलगी जेवायला लागली, घरचे देवाला नारळ फोडून येतात आणि झालं असं समजतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी परत तेच दुखणं घेऊन आलेल्या मुली आहेत. माझी मैत्रीण म्हणाली की डिस्चार्जच्या कागदावर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा असं लिहिलेलं असतं आणि नातेवाईक नेमकी तीच ओळ सोडतात, आमची मुलगी वेडी नाहीये म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या ओढीवर चांगला उपाय आहे आणि तो बहुतेक वेळा बोलण्याचा आणि सरावाचा आहे, औषधाचा नंतर. १९७३ मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत अजून वापरतात. आधी हात केव्हा वर जातो हे मुलीने स्वतः ओळखायला शिकायचं, कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत, मनात काय असताना. मग त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं, मूठ मिनिटभर आवळून ठेवायची, चेंडू दाबायचा. आणि घरातल्या एकाने न ओरडता साथ द्यायची. सोबत लोह तपासायचं आणि अधूनमधून सोनोग्राफी. सल्ला कुणाचा घ्यायचा ते सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

ताईला मी शेवटी काय सांगितलं तर आधी बघ, मग बोल. वेणीची टोकं ओली किंवा कुरतडलेली आहेत का, की केस तुटून गिळले जातायत. रविवारी डोक्याला तेल लावायच्या निमित्ताने टाळू बघ, कानामागे बघ. उशीवर, दप्तरात, अभ्यासाच्या टेबलाखाली केस. जेवण कमी झालंय का, तोंडाला वास येतो का. यातलं दोन-तीन एकदम दिसलं तर मुलांच्या डॉक्टरकडे ने आणि ही केस खाते अशी शंका आहे हे वाक्य स्वच्छ म्हण, तिच्यासमोर नाही तर बाजूला जाऊन, पण म्हण. हिमोग्लोबिन तर तसंही करून घे.

ताईने रविवारी तेल लावलं. टाळू भरलेली होती, कुठे जागा नव्हती, जेवणही व्यवस्थित. हिमोग्लोबिन मात्र साडेनऊ आलं, त्याचं औषध सुरू आहे. वेणीचं टोक ओलं होतं आणि ताईने न चिडता नुसतं विचारलं, हे कधी होतं गं? तर भाची थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, इंग्लिशच्या वेळेला, वाचता येत नाही ना मला नीट. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता इंग्लिशचा धडा ती स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टुलावर बसून ताईला मोठ्याने वाचून दाखवते, मोठ्याने वाचायचं म्हटलं की वेणी तोंडात धरता येत नाही.